विटांवरची लाल गाडी

६ फेब्रुवारी २०००, रविवार

दिला शब्द! उभ्या उभ्या, चहाचा कप हातात धरून — आणि बायकोला विचारायचंसुद्धा नाही!

पुण्याचे मेहेंदळे आले होते. जुन्या गाड्या गोळा करतात म्हणे. माणूस भला वाटला. अंगणातल्या आमच्या लाल गाडीभोवती फेऱ्या मारल्या, सीटवर बसलेल्या कोंबडीला अदबीनं उठवलं आणि म्हणाले, "हनीफभाई, ट्रायम्फ स्पिटफायर! आणि ती भोरमध्ये! स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं." झालं. आमचे हे विरघळले. मी चहा द्यायला बाहेर आले तर यांचं एवढंच वाक्य कानावर पडलं — "चाकांवर उभी राहिली की न्या. शब्द दिला."

यांचा शब्द म्हणजे संपलंच. सगळी नोकरी एसटी डेपोच्या टायर सेक्शनमध्ये गेली, पण हे एकदा बोलले आणि फिरले असं झालेलं नाही. डेपोत लोक घड्याळावर नाही, एवढा यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे.

गाडी जायलाच हवी, हे मलाही कळतं. मे महिन्यात आमच्या बिलालचं लग्न. गुलफशा घरात येणार. दोन खोल्यांत नव्या नवरीला कुठं ठेवायचं? गाडीच्या जागेवर खोली काढू, असं मीच म्हटलं होतं. पण म्हणणं वेगळं! मेहेंदळे गेल्यावर जाऊन बॉनेटवर हात ठेवला तर गलबलूनच आलं. बिलाल रांगत होता तेव्हा आली ही. पाचगणीचे साहेब विलायतेला परत निघाले, यांनी रविवारी रविवारी जाऊन गाडी सांभाळलेली, म्हणून यांनाच देऊन गेले. भाटघर धरणापर्यंत काय ते फिरलो. मग चाकांच्या सायकलसारख्या तारा तुटायला लागल्या, त्या मापाचे टायर मिळेनात, चाकं गंजून भंगारात गेली. तेव्हापासून विटांवर.

आणि माझ्या पहिल्या नोकरीच्या गावाला, वेल्ह्याला, न्यायचं राहिलं ते राहिलंच.

रात्रीच्या जेवणात मी बोललेच, "न्यायची तर नेऊ दे, पण आधी मला एकदा वेल्ह्याला न्या." हे भाकरी मोडत म्हणाले, "चाकं तर मिळू दे."

९ फेब्रुवारी

फियाटची चाकं आणली कुणाकडून तरी. "बसतील बसतील" म्हणून गॅरेजवाला पोरासोरांसकट हजर. हातोडा घेऊन! यांनी तो हातोडा बघितला आणि असे काही भडकले — "चाक हाय का खुंटा? ठोकून बसवायला?" दोन बोल्ट गेले, तिसरा तिरका, चौथा जाईचना. शिवाय रिम चौदा इंची, हिला तेरा हवी. चाकं परत.

गॅरेजवाला जाताना मला म्हणतो, "चाचांना एसटीची सवय, बाई. बारीक बघतात." बारीक! एकदा भाजीच्या पिशवीला गाठ मारताना बघ म्हणावं.

१३ फेब्रुवारी, रविवार

आज शिकवणी झाली. माझी! शाळेत मी मास्तरीण आणि घरात विद्यार्थिनी.

गाडीच्या चाकाला चार भोकं. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मधलं अंतर बरोबर तेवढंच हवं, केसभर इकडंतिकडं चालत नाही. मग मधलं मोठं भोक — ते गाडीच्या हबवर, चाकामागच्या गोल उंचवट्यावर, घट्ट बसायला हवं. मग रिम आत किती, बाहेर किती. जास्त आत गेली तर चाक सस्पेन्शनला घासणार, जास्त बाहेर आली तर मडगार्डला. "आणि एवढं सगळं जमलं की मग टायर," हे म्हणाले. किती दिवसांनी असं बोलताना ऐकलं यांना! रिटायर झाल्यापासून हा माणूस पेपर वाचतो आणि गप्प बसतो, दुसरं काही नाही. आज खडूनं फरशीवर चित्र काढलं.

मीही डोकं चालवलं. जुना पेपर चार बोल्टांवर दाबून ठसा घेतला. चार छान भोकं पडली. हा कागद घेऊन फिरायचं, जे चाक यात बसेल ते आपलं. हे कागदाकडं बघत राहिले. "हुशार आहेस," म्हणाले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज कळलं यांना!

१७ फेब्रुवारी

ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला. जीपचं चाक लावा. घाटात मोठंच चाक हवं. ट्रॅक्टरची ट्रॉली बघा. शेजारच्या ठकुबाई म्हणाल्या, "बाई, ही गाडी हाय का पाळणा? हिला सायकलची चाकं पुरंत."

२० फेब्रुवारी, रविवार

सासवडहून कुणाची तरी चार चाकं आली. कागदात बसली. मी नाचायचीच बाकी होते! पण यांनी एकेक चाक गरगर फिरवलं, डोळा बारीक केला. "डुगडुगतंय. न्हाई चालणार." मी म्हटलं, कुठं डुगडुगतंय? मला तर दिसत नाही. "तुला दिसाय लागलं तर ती गाडी दरीत गेलेली असंल."

वैताग आहे. यांना बायकोसुद्धा अशीच तपासून घ्यायची होती तर मी नापास झाले असते.

२७ फेब्रुवारी, रविवार

चाकं मिळाली!! आणि मला मिळाली!

मार्गासनीचा सोमनाथ — वेल्ह्याच्या शाळेत माझ्या पहिल्या वर्गात होता, शेंबूड ओढत पाढे म्हणायचा. आता गॅरेज आहे त्याचं रस्त्याला. काल शाळेच्या कामानं वेल्ह्याला गेले होते, येताना सहज उतरले. गॅरेजच्या मागं एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड, दारं नाहीत, आत कडबा भरलेला. मी पर्समधला कागद काढला आणि चाकापुढं बसले. रस्त्यावरून जाणारे बघतायत, बाई साडी सावरून चाकाला कागद लावतेय. चारी भोकं जुळली!

सोमनाथ म्हणाला, "न्या की बाई! आमच्या म्हशीला काय गाडीनं जायाचं न्हाई." काही घेईना. शेवटी त्याच्या पोरीचं, वैष्णवीचं गणित मी बघायचं असं ठरलं.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, उड्या मारतील. हे पेपरची घडी घालत बसले. मग म्हणाले, "हेराल्ड. व्हय. हेराल्डच्याच सांगाड्यावर बांधलीय ही. बसणारच." आणि उठून नमाजाला गेले. माणसाला आनंद झालाय की नाही, ते चेहऱ्यावरून कळेल तर शपथ!

१ मार्च

रिमा घासल्या, रंगवल्या, बसवल्या. सरळ गेल्या, कुठं हातोडा नाही. पण टायरशिवाय म्हणजे अनवाणीच.

४ मार्च

बिलाल शिरवळच्या कंपनीतून येताना टायर घेऊन आला. हौसेनं, आम्हाला न विचारता. १७५ चे, चांगले रुंद. "अब्बा, स्पोर्ट्स कार आहे, जरा रुंद हवेत. ऐटदार दिसतील." एक चढवून बघितला. अरुंद रिमवर रुंद टायर — मधेच फुगलेला, पोट सुटलेल्या हवालदारासारखा. हसून हसून मुरकुंडी वळली माझी. बिलाल जरा हिरमुसला. मग यांनी त्याला जवळ बसवून समजावलं, न रागावता. रुंद टायर ह्या रिमवर दोन्ही कडांनी रस्ता धरत नाही. वर आणि स्टिअरिंग जड होतं. "ही गाडी हलकी हाय रे. पोरीसारखी हाय. तिला जड पैंजण कशाला?"

उद्या बदलून आणतो म्हणाला. कोणता आणू विचारलं तर हिशोब माझ्याकडं आला. जुन्या टायरवर होतं ५.२०-१३. नव्या भाषेत १५५/८०. म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर, जाडी तिच्या ऐंशी टक्के — १२४. वर १२४, खाली १२४, मधे तेरा इंचाचे ३३०. एकूण ५७८. जुन्याशी मिळतंजुळतं! सातवीच्या पोरांना घालायला काय सुंदर उदाहरण आहे.

५ मार्च, रविवार

दोन बातम्या.

एक — १५५ चे टायर आले, चढले, आणि आमची गाडी आज विटांवरून खाली उतरली. ठकुबाईंनी हळदकुंकू लावलं, नको कसं म्हणू? छान दिसली.

दोन — बिलाल जेवताना चाचरत म्हणाला, "अम्मी, गुलफशाला खोली वर हवीय. गच्चीवर. हवा येते म्हणते, आणि नदी दिसते." मी म्हटलं, मग अंगणात खोली नकोच? "नको."

नकोच! मी यांच्याकडं बघितलं. हे ताटाकडं बघत होते. बिलाल गेल्यावर म्हटलं, "ऐकलंत? आता कशाला द्यायची गाडी? अंगण मोकळंच राहणार आहे."

"शब्द दिलाय."

"मग मोडा!"

रोज्याच्या दिवशी भरदुपारी जेवा म्हटल्यासारखं बघितलं माझ्याकडं. मी ताटं उचलली. पण आता लिहून टाकते, इथं कोण वाचतंय — मला ती गाडी द्यायची नाही. अजिबात नाही. रोज सकाळी दार उघडलं की लाल दिसायला हवं. आणि यांना तिच्याजवळ बसून भरभर खडू ओढताना बघायचंय मला.

६ मार्च

आता घासण्याची परीक्षा. हे म्हणाले, मडगार्डच्या आत मऊ काहीतरी चिकटवायचं, स्टिअरिंग पुरं फिरवायचं, दबलं तर टायर लागतोय. मऊ काय? कणीक! पोळ्यांच्या पिठातून मूठभर दिली. चारी चाकांवर गोळे लावले. संध्याकाळी फिरवून बघितलं, काही दबलं नाही. "रात्रभर राहू दे. गाडी बसंल थोडी. सकाळी परत बघू."

७ मार्च

पुढच्या डाव्या चाकावरची कणीक नाहीशी! "घासतंय," हे म्हणाले. "१५५ मोठा पडला. १४५ बघायला लागंल." आणि शांतपणे चहा प्यायला बसले. मला रडूच यायचं बाकी होतं. टायर बदलणार, मग परत बिलालच्या खेपा, परत वाट. वेल्ह्याचं काय?

१० मार्च

चोर सापडला! पहाटे अजानच्या वेळी उठले, पुन्हा गोळा लावून ठेवलाच होता — आणि बघते तर आमची चितकबरी कोंबडी चाकावर चढून मडगार्डच्या आत मान घालून कणीक टिपतेय! इतकी वर्षं गाडीत अंडी घातली, तिला वाटलं हा तिचाच खुराक.

धावत जाऊन यांना उठवलं. हे लुंगी सावरत बाहेर आले, कोंबडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हं." एवढंच. माणूस चुकला तर जरा तरी ओशाळावं! जन्मभर एसटीचे टायर बघितले, आणि घरच्या कोंबडीनं बनवलं!

१२ मार्च, रविवार

ओझ्याची परीक्षा. रिकाम्या गाडीवर मापं घेऊन काही होत नाही म्हणे, माणसं बसली की मागची चाकं फेंगडी होतात. मग ठकुबाईंना बसवलं. शेजारी ज्वारीचं पोतं. ठकुबाई हरखल्या! डोक्यावरचा पदर घट्ट केला, दोन्ही हातांनी दार धरलं आणि उभ्या गाडीत ओरडतायत, "हळू घ्या भाई, हळू घ्या!" गल्ली गोळा झाली. चाकं फेंगडी झाली खरी, पण टायर आणि मडगार्डमध्ये माझी दोन बोटं आरामात गेली.

कुठंच घासत नाही. आता काही खोट काढायला जागा नाही यांना. इंजिन तर यांनी खटपट करून मागच्या महिन्यातच सुरू केलंय.

उतरताना ठकुबाई म्हणाल्या, "लई झ्याक. पर बाई, पुण्याचा तो मानूस हिला चालवंल का काचंत ठेवंल?" 

१७ मार्च

बकरी ईद. कामात बुडालेली. लोक बिर्याणीला नाही, गाडी बघायला येतायत.

१९ मार्च, रविवार

गेलो! वेल्ह्याला जाऊन आलो!

सकाळी निघालो. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी डोक्याला ओढणी बांधली, तर म्हणाले, "घट्ट बांध, छप्पर न्हाई." जसं काही मला दिसतच नव्हतं. कापूरहोळला हायवेवर आलो तर ट्रकवाले हॉर्न वाजवून हात करतायत. आमचे हे एरवी लाजून बॉनेटखाली शिरले असते — आज चक्क हात केला परत!

नसरापूर सोडलं आणि रस्ता आमचा झाला. डाव्या अंगाला गुंजवणी, शेतात गव्हाची काढणी. पोरं होळीची लाकडं ओढत होती, गाडी बघून लाकडं टाकून पळत सुटली मागं. टायर इतके गोड चालले! खड्डा आला की नुसतं "हं" म्हणायचे. एका वळणावर हे जरा जोरात गेले. मी ओरडले. हे हसले. मोठ्यानं. हे असं हसतात हे मी विसरलेच होते.

मार्गासनीच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली. "आठवतं?" म्हणाले.

न आठवायला काय झालं! माझी पहिली नोकरी, दर सोमवारी भोरहून एसटी. इथंच ती पंक्चर झाली आणि डेपोतून चाक घेऊन हे आले. हात काळे, कपाळ काळं. मला म्हणाले, "बाई, पोरं वाट बघत असतील. जीप थांबवतो, तुम्ही पुढं व्हा." मी गेले नाही. दगडावर बसून चाक कसं बसवतात ते बघत राहिले. चाकात माझ्या बापजन्मी मला रस नव्हता!

हे सांगितलं यांना आज. पहिल्यांदाच. हे स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसत बसले.

वेल्ह्याच्या बाजारात चहा घेतला. तहसील कचेरीतले लोक बाहेर येऊन उभे. एक म्हातारा यांना म्हणाला, "आवं, मागं मानसं कुठं बसत्यात हिच्यात?" "न्हाई बसत, बाबा." "मंग गाडी कशाला म्हणायचं?" वर तोरणा स्वच्छ दिसत होता. माझ्या शाळेवरून दोनदा फिरवली.

 येताना भोरच्या पुलावर हे म्हणाले, "मेहेंदळेंना आता कळवायला पायजे. उभी राहिली चाकांवर." मी म्हटलं, हो. आणि मग मात्र मला आवरलं नाही, ओढणीत तोंड घालून रडले. यांनी एका हातानं गाडी चालवली, एक हात माझ्या खांद्यावर.  काय करणार? शब्द दिलाय ना!

२१ मार्च

फोन झालेला नाही. काल धुळवड, आज सकाळी लाइनमन आलेत म्हणे, आता उन्हं फार आहेत. कोपऱ्यावरचा पीसीओ चार पावलांवर. हे गाडी पुसतात, परत पुसतात.

२२ मार्च, बुधवार

शेवटी म्हणाले, "तूच कर. मला फोनवर नीट ऐकू येत न्हाई." धडधडीत ऐकू येतं! पण गेले. पीसीओच्या काचेतून आमचं अंगण दिसतं. गाडी उन्हात, चार चाकांवर, लालभडक. हे तिच्याकडं पाठ करून उभे.

मेहेंदळे स्वतःच बोलले. म्हणाले, "ताई, कशी आहे गाडी? मी तर पहिल्याच दिवशी हनीफभाईंना म्हटलं होतं, चाकांची भानगड नको, चारही माझ्याकडं पडलीत, तशीच विटांवरून उचलून टेम्पोत घालतो. उद्या येतो म्हटलं. तर ते अडूनच बसले — चाकांवर उभी राहिल्याशिवाय द्यायची नाही, आणि चाकं मीच शोधणार. आता बसली का चाकं? येऊ का रविवारी?"

म्हणजे ते 'डुगडुगतंय', ते 'घासतंय' याचसाठी! काचेतून बघितलं. यांची मान खाली होती.

"नाही हो," म्हटलं. "साइजच मिळत नाही कुठं."

घरी आले. "काय म्हणाले?" विचारतात.

"थांबतो म्हणाले."

"किती दिवस?"

"ते नाही विचारलं."

शब्द यांनी दिला होता. मी थोडाच दिला होता!